मैदानाची कड

नवरात्राच्या नऊ दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्याचे रस्ते पहाटेच जागे होतात. अंधार असतानाच बायका, पोरं, म्हातारी माणसं, कॉलेजातली मुलं घोळक्याघोळक्यानं बाहेर पडतात, कितीतरी जण अनवाणी. कोकणवाडीवरून पंचवटी चौक आणि तिथून कर्णपुरा. सिडको-हडकोतून, गारखेड्यातून, बेगमपुऱ्यातून येणारे तर आणखी लवकर निघतात. देवीच्या दर्शनाइतकंच या चालण्याला महत्त्व आहे, असं मला वाटतं. एरवी आपल्या शहरात एखाद्या मोकळ्या जागेकडे पायी चालत जावं असं कुणाच्या मनात येत नाही, आणि आलं तरी तसं जाण्याजोगा रस्ता उरलेला नाही. या नऊ पहाटे मात्र सगळं शहर एका मैदानाच्या दिशेनं चालतं.

मैदान म्हटलं की आपण मधल्या मोकळ्या जमिनीचा विचार करतो. किती एकर, कुणाच्या मालकीची, कशासाठी आरक्षित, एवढंच विचारतो. माझं म्हणणं असं की मैदान त्या मधल्या जमिनीनं बनत नाही, ते कडेनं बनतं. कडेला असलेलं देऊळ किंवा मशीद, कडेची झाडं, जवळून वाहणारी नदी, मैदानात उतरणारे रस्ते आणि पायवाटा, कडेला भरणारा बाजार, कडेला राहणारी माणसं, हे सगळं असेल तर मधली जमीन मैदान होते. हे गेलं की तेवढ्याच क्षेत्रफळाची तीच जमीन नुसता भूखंड होते, आणि मोकळ्या भूखंडाकडे पाहिल्यावर सरकारी असो की खाजगी, प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो तिथं काय बांधता येईल याचा. आपले कायदे, आपले नकाशे आणि आपली आंदोलनंसुद्धा मधली जमीन राखायला धावतात. कड कुणीच राखत नाही.

कर्णपुऱ्याचंच घ्या. बिकानेरचे राजा कर्णसिंह १६३१ साली गादीवर आले आणि पुढे मोगलांच्या चाकरीत दख्खनेत उतरले. त्यांचं निधनही १६६९ साली याच शहरात झालं. त्यांच्या नावाचा कर्णपुरा, मुलगा पद्मसिंह याच्या नावाचा पदमपुरा, दुसरा मुलगा केसरीसिंह याच्या नावाचा केसरसिंगपुरा, अशी ही शेजारशेजारची वस्ती. कर्णपुऱ्यातली तुळजाभवानी कर्णसिंहांनीच आणली अशी परंपरा आहे. तिथलं बालाजीचं देऊळही जुनं, आणि दसऱ्याला बालाजीचा रथ ओढला जातो. या शहराला ‘बावन्न दरवाजे, बावन्न पुरे’ म्हणायची रीत आहे. तटाच्या आत मुख्य शहर आणि तटाबाहेर सरदारांनी, राजांनी आपापल्या माणसांसाठी वसवलेले पुरे. आमचा उस्मानपुराही त्याच पट्ट्यातला, पैठण दरवाज्याबाहेर, क्रांती चौक आणि रेल्वे स्टेशनच्या मधला. १९०० साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज आली, स्टेशन झालं, आणि शहराचं तोंड हळूहळू या बाजूला वळलं.

ज्या राजपूत सैन्यासाठी हे पुरे वसले ते सैन्य केव्हाच गेलं. मोगल गेले, निजाम गेले, १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. या सगळ्या काळात कर्णपुऱ्याची जमीन मोकळी राहिली. ती कुणी राखली? मैदान छावणीच्या हद्दीत आहे, तेव्हा लष्करी मालकीमुळे ते वाचलं असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण लष्कराच्या मालकीच्या कितीतरी जमिनी देशभर आहेत आणि लोकांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. कर्णपुरा लोकांचं राहिलं ते दरवर्षी तिथं यात्रा भरते म्हणून. बांगड्यांची, खेळण्यांची, रेवड्यांची दुकानं लागतात, रहाटपाळणे उभे राहतात, आणि दुकानांच्या जागांचा छावणी परिषद लिलाव करते. २०२० साली करोनामुळे यात्रा भरली नाही, तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं साऱ्या शहराला वाटलं. एका वर्षाच्या खंडानं माणसं अस्वस्थ होतात ती जागा मोकळी राहणारच. मालकी कागदावर असते. त्या जागेची राखण माणसांच्या पायांनी केली.

आता शहराच्या दुसऱ्या बाजूला आमखास मैदानाकडे या. औरंगजेबानं १६९२ च्या सुमारास किले-अर्क बांधून घेतला. मक्का दरवाजा आणि दिल्ली दरवाजा यांच्या मधली जवळजवळ सगळी जमीन त्याच्या आवारात होती. तिथला दरबाराचा भाग तो आमखास. शेजारी जामा मशीद. तिचा आरंभ शहर वसवणाऱ्या मलिक अंबरच्या काळातला आणि विस्तार औरंगजेबाच्या. थोड्या अंतरावर १६१२ चा भडकल दरवाजा, मलिक अंबरनं मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून उभारलेला, आणि आज त्याच्यापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. जवळच टाऊन हॉल, म्हणजे महापालिका. आमखासवर सभा झाल्या, मोर्चे जमले, पोरांनी फुटबॉल खेळला. त्या मैदानात उभं राहून सभोवार पाहिलं की शहराचा चारशे वर्षांचा इतिहास कडेनं उभा दिसतो. कुठल्याही वस्तुसंग्रहालयाला हे जमलेलं नाही. उद्या कुणी त्या कडेला चारी बाजूंनी उंच इमारती उभ्या केल्या आणि मैदानाच्या एका इंचालाही हात लावला नाही, तर कागदोपत्री आमखास शाबूत राहील. प्रत्यक्षात मात्र ते तिथं नसेल.

ही केवळ डोळ्यांची हौस आहे असं वाटू नये म्हणून पाण्याची गोष्ट सांगतो. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं १६१० साली, आणि लगेच त्याला पाण्याची चिंता पडली. उत्तरेच्या डोंगरातलं भूगर्भातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं, मातीच्या नळांनी, जागोजाग बांधलेल्या उंच बंब्यांतून दाब राखत त्यानं शहरात आणलं. नहर-ए-अंबरीच्या पाठोपाठ आणखी नहरी झाल्या, आणि पाणचक्की त्यांतल्याच एकीच्या पाण्यावर फिरायची. शहरातल्या बागा, हौद, मशिदींची आवारं आणि मोकळ्या जागा या पाण्याच्या वाटेवर होत्या. मोकळी जागा म्हणजे बांधकामातून चुकून उरलेला तुकडा, ही समजूत अलीकडची. त्या शहरात मोकळ्या जागेला पाण्याशी, पाण्याला डोंगराशी, डोंगराला पावसाशी बांधलेलं होतं. आज आपलं पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं, पन्नासेक किलोमीटरवरून पंपानं उपसून. नहरींचे बंबे ठिकठिकाणी कोरडे उभे आहेत. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम गेल्या काही वर्षांत सुरू झालं, ते मोलाचं आहे आणि त्यात राबणाऱ्यांचं कौतुक आहे. पण नदीचं काम नदीकाठापुरतं आणि मैदानाचं काम मैदानापुरतं अशी वाटणी केली तर दोन्ही अर्धवट राहतील. कडेचं पाणी हाही मैदानाचा भाग आहे, हे आधी मान्य व्हायला हवं.

उस्मानपुऱ्यात हिरवळ नाही का? आहे, भरपूर आहे. शासकीय तंत्रनिकेतन आणि १९६० साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांची आवारं झाडांनी भरलेली आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात स्टेशन रोडवरून जाताना भिंतीपलीकडच्या झाडांची सावली जेवढी रस्त्यावर येते तेवढीच आपली. त्या भिंतीमागची कारणं मला कळतात. शिक्षणसंस्थेला शांतता हवी, मुलींच्या सुरक्षिततेची काळजी असते, प्रयोगशाळा असतात. पण भिंतीची जी बाजू रस्त्याकडे आहे तिचा विचार कुणी केलाय? तिथं पदपथ मोडका, सावली कमी आणि बसायला जागा नाही. संत एकनाथ रंगमंदिराभोवती नाटकाच्या आधी आणि नंतर माणसं उभी राहतात, बोलतात, चहा पितात. त्या उभं राहण्याला नाटकाइतकंच स्थान आहे, हे दुरुस्तीसाठी रंगमंदिर वर्षानुवर्षं बंद राहिलं तेव्हा आम्हाला नीट कळलं. अंक बंद पडले त्याहून जास्त त्या संध्याकाळच्या गप्पा बंद पडल्या.

प्रत्येक हिरवी जागा उघडीच हवी असं मी म्हणत नाही. दिल्ली दरवाज्याजवळचा सलीम अली सरोवर, जुना खिजरी तलाव, पक्ष्यांसाठी बंद ठेवणं योग्यच आहे. तिथं माणसांची वर्दळ वाढली तर पक्षी जातील. समोरची हिमायतबाग फळसंशोधनाची जागा आहे, तिलाही स्वतःची शिस्त हवी. बाग आणि मैदान हे वेगवेगळे प्रकार आहेत. बागेला भिंत शोभते, बीबी का मकबऱ्याची चारबाग भिंतीशिवाय कल्पनेतही येत नाही. मैदानाला भिंत शोभत नाही. त्याला हवी ती कड, म्हणजे जिच्यावर पाय ठेवून आत-बाहेर करता येतं अशी जागा. घराला उंबरा असतो तशी.

मुंबईत कड आणि कुंपण या दोन्ही गोष्टी पाहायला मिळतात. १९२५ साली झालेल्या शिवाजी पार्कला कट्टा आहे. मैदानाची हद्द त्या कट्ट्यानं आखली, आणि हद्द आखणारी तीच गोष्ट बसायची जागा झाली. पेन्शनर, प्रेमी, क्रिकेटचे जाणकार, नाटकवाले असे तीन-चार पिढ्यांचे लोक त्या कट्ट्यावर बसले. शिवाजी पार्कबद्दल माणसं आपुलकीनं बोलतात तेव्हा त्यांच्या मनात मधल्या खेळपट्ट्या कमी आणि कट्टा जास्त असतो. दुसरीकडे ओव्हल मैदान. ते लोखंडी कुंपणानं वेढलेलं आहे, आणि ते वाचलं यात भोवतालच्या रहिवाशांच्या लढ्याइतकाच त्या कुंपणाचाही वाटा आहे, हे मान्य करायलाच हवं. पण २०१८ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून गौरवलं ते काय? ओव्हलच्या पूर्वेकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारती. मधलं मैदान त्या दोन्ही रांगांना एकत्र आणतं, म्हणून तेही वारशात आलं. जगाला त्या मैदानाची कड दिसली.

इथं माझ्या शहरातले लोक एक आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे. कुंपण घातलं नाही तर अतिक्रमण होतं. एक टपरी येते, मग दहा, मग पत्र्याचं शेड, मग वीजजोडणी, मग पाच वर्षांनी नियमितीकरणाची मागणी. गुंठेवारी वसाहती नियमित करणारा कायदा २००१ साली आला, २०२१ मध्ये त्याची मुदतही वाढवली गेली. ज्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन त्या वसाहतींत घर बांधलं त्यांना बेघर करा असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण त्या वसाहतींत मुलांना खेळायला जागा सुटलेली नाही, हेही खरं. मंजूर लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती कोपऱ्यात, नाल्याकाठी, जिथं घर बसत नाही तिथं सोडली जाते. मग तिला जाळी लागते, कुलूप लागतं, आणि वसाहतीच्या समितीकडे किल्ली जाते. अतिक्रमण थांबतं, पण खेळणंही थांबतं.

कुंपणाची भीती खरी आहे, पण कुंपण हे अपयशाचं लक्षण आहे. जिथं रोज माणसं येतात तिथं टपरी उभी राहायला वेळ लागतो, आणि राहिली तर लगेच नजरेला येते. जिथं कुणी येत नाही तिथं भिंतीमागेही अतिक्रमण होतं. कर्णपुऱ्याच्या यात्रेची दुकानं दरवर्षी लागतात आणि दरवर्षी उठतात. तात्पुरतं उभं राहायचं आणि वेळेवर उठायचं ही शिस्त त्या मैदानावरच्या व्यापाऱ्यांना पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे. छावणीतला गुरुवारचा आठवडी बाजारही तसाच, सकाळी भरतो, संध्याकाळी मोडतो. आपल्याकडे ही शिस्त आहे आणि आपण तिच्याकडे कायद्याचं बळ म्हणून कधी पाहिलंच नाही.

इंग्लंडमध्ये पाहिलं गेलं. तिथल्या २००६ च्या कॉमन्स कायद्याप्रमाणे एखाद्या वस्तीतल्या लोकांनी एखाद्या जमिनीवर सलग वीस वर्षं, जबरदस्ती न करता, लपूनछपून नव्हे आणि कुणाची परवानगी न मागता खेळ-विरंगुळा केला असेल तर ती जमीन गावाची हिरवळ म्हणून नोंदवता येते, मग मालक कुणीही असो. जमीनमालकांनी या तरतुदीला पुष्कळ विरोध केला आणि २०१३ साली ती बरीच आखडली गेली. त्या कायद्यातला एक बारकावा मला विचार करायला लावतो. परवानगी घेतली की हक्क उरत नाही. मालकानं ‘इथं फिरायला परवानगी आहे’ अशी पाटी लावली तरी लोकांचं वापरणं त्याच्या मेहरबानीचं ठरतं. आपल्याकडे प्रत्येक सभा, प्रत्येक यात्रा, प्रत्येक क्रिकेटची स्पर्धा परवानगीनं होते. परवानगी देणारा अधिकारी चांगला असला तरी दरवर्षी लोकांना नव्यानं मागावंच लागतं. शतकांची वहिवाट असूनही लोक त्या जमिनीवर पाहुणेच राहतात.

पण आपल्या कायद्यातही वहिवाट आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १८ मध्ये स्थानिक रूढीनं मिळणारा हक्क मानलेला आहे, आणि दिलेलं उदाहरण गावच्या सामाईक कुरणात गुरं चारण्याचंच आहे. त्याहून जवळचं म्हणजे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. तिच्यात विदर्भासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. निस्तारपत्रकात गावच्या, कुणाच्या भोगवट्यात नसलेल्या जमिनीवर लोकांनी काय काय करायचं, गुरं कुठं चारायची, लाकूडफाटा कुठून न्यायचा, हे लिहून ठेवायचं. आणि वाजिब-उल-अर्जमध्ये जाण्यायेण्याच्या वाटा, पाण्याचे हक्क, मासेमारीच्या रूढी जिल्हाधिकाऱ्यानं चौकशी करून नोंदवायच्या. म्हणजे रूढी हा सरकारी दफ्तरात बसण्याजोगा पुरावा आहे, हे आपल्या राज्यानं पन्नास वर्षांपूर्वीच मान्य केलं. शेजारच्या विदर्भातल्या खेड्याला जे आहे ते मराठवाड्यातल्या शहराला का नसावं?

मला हवी आहे ती अशी नोंद. शहरातल्या प्रत्येक जुन्या मैदानासाठी एक वाजिब-उल-अर्ज. कोण येतं, कुठल्या महिन्यात, कुठल्या वाटेनं, कडेला कुठली झाडं आहेत, पाणी कुठून येऊन कुठं जातं, कोणते बाजार भरतात आणि किती वाजता उठतात, कुठल्या देवळाचा आणि दर्ग्याचा त्या जमिनीशी काय संबंध आहे, पोरं कुठल्या कोपऱ्यात खेळतात. विकास आराखड्यात मैदानाला हिरवा रंग देऊन आरक्षण टाकणं पुरेसं नाही. १९६६ च्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आरक्षित खाजगी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही आणि मालकानं नोटीस दिल्यावरही मुदतीत काही झालं नाही तर आरक्षणच व्यपगत होतं. आपल्या शहराचा सुधारित आराखडा तर किती काळ न्यायालयात अडकून होता. नकाशावरचा हिरवा रंग असा फिका पडू शकतो. दरवर्षी पाळली जाणारी आणि लिहून ठेवलेली वहिवाट त्याहून टिकाऊ ठरेल, निदान न्यायालयात मांडता येईल.

२०२१ साली वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. झाडाला वय आहे म्हणून त्याला मान आहे, हा विचार योग्य दिशेचा आहे. मग तीनशे वर्षं माणसं जिथून चालत आली त्या वाटेला वय नाही का? कर्णपुऱ्याकडे जाणाऱ्या वाटांना, पदमपुऱ्यातून उतरणाऱ्या गल्ल्यांना, पंचवटीच्या चौकाला? वाहतूक पोलीस नवरात्रात या रस्त्यांवरची वाहनं दुसरीकडे वळवतात, म्हणजे नऊ दिवस त्या वाटा पायी चालणाऱ्यांच्या असतात हे प्रशासनाला माहीत आहे. ती माहिती वर्षानुवर्षं बंदोबस्ताच्या कागदात राहते आणि दसऱ्यानंतर फाईल बंद होते.

हे आत्ता लिहिण्याचं कारणही आहे. छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या पालिकांकडे द्यायचं धोरण केंद्रानं २०२३ पासून पुढे नेलं आहे. आपल्या छावणीबाबत ते कसं आणि केव्हा अमलात येईल ते येवो. पण जमिनीचा हिशेब एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात जातो तेव्हा वहिवाट दोन्ही दफ्तरांच्या मधे पडते. नवं कार्यालय क्षेत्रफळ विचारतं, मालकी विचारतं, उत्पन्न विचारतं. यात्रेच्या लिलावाचं उत्पन्न त्याला लगेच दिसेल. पहाटेचं चालणं त्याच्या रकान्यांत कुठंच बसणार नाही. सिडकोच्या वसाहती २००६ साली महापालिकेकडे आल्या तेव्हा रस्ते, दिवे, जलवाहिन्यांच्या याद्या झाल्या. कुठल्या मोकळ्या जागेवर कोण काय करतं याची यादी कुणी मागितली नव्हती.

म्हणून हस्तांतरणाची वाट न पाहता ही नोंद आधी व्हावी, आणि ती करायला बाहेरून सल्लागार बोलवायची गरज नाही. उस्मानपुऱ्यात दोन संस्था अशा आहेत जिथं सिव्हिलच्या मुलांना मोजणी शिकवतात. त्यांनी एका नवरात्रात, पहाटे तीन ते सहा, कर्णपुऱ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वाटेवर थांबून मोजावं, कुठून किती माणसं येतात, कुठं थांबतात, कुठल्या झाडाखाली बसतात, कुठं पाणी पितात. दसऱ्याला रथाची वाट आखावी. उन्हाळ्यात पुन्हा यावं आणि सावल्या मोजाव्यात. पावसाळ्यात मैदानाचं पाणी खामेकडे कसं जातं ते पाहावं. जुन्या दुकानदारांना, देवळाच्या पुजाऱ्यांना, पदमपुऱ्यातल्या आजींना विचारून त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. त्या नकाशाची एक प्रत छावणी परिषदेकडे, एक महापालिकेकडे आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी, पोच घेऊन.